खाली सगळं मोकळं आहे

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुबईतल्या एका इन्शुरन्स कंपनीत मी मोटारींचे क्लेम बघते. माणसं रोज मला सांगतात की गाडी उभीच होती, खांबच येऊन आपटला. मी मान डोलावते, 'अच्छा' म्हणते आणि फोटोतला ओरखडा पुढून मागे गेलाय की मागून पुढे, ते बघते. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरातसुद्धा सरळ कानांनी ऐकत नाही. बर दुबई भागातल्या जुन्या गल्लीत फुलं घेताना मी फुलवाल्याला विचारतेच, कालची तर नाहीत ना. नवरा तेव्हा थोडा लांब जाऊन उभा राहतो. ओळख दाखवत नाही.

त्यामुळे मागच्या नोव्हेंबरात आमची लेक एक लांबलचक पिशवी घेऊन घरी आली आणि ती पिशवी थेट पलंगाखाली गेली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लेक एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. जन्म इथला, शाळा इथली, अल मनखूलच्या याच फ्लॅटमध्ये वाढली. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत, मधेच मराठी शब्द पेरून, उत्तर देते आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. फक्त एका कामासाठी ती आपणहून पूर्ण मराठीवर येते. लिफ्टमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे, जिथे आजूबाजूच्यांना कळू नये असं काही बोलायचं असतं तिथे. हिंदीचा इथे उपयोग नाही, ती टॅक्सीवाल्यापासून घड्याळवाल्यापर्यंत सगळ्यांना कळते. मराठी ही आमच्या घरातली गुप्त भाषा. "आई, हा फसवतोय, चल," हे वाक्य ती बिचारी अगदी शुद्ध बोलते.

दोन-तीन दिवसांनी ती दार लावून फोनवर बोलत होती. मी पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. घड्या घालायला पॅसेजच बरा पडतो. "आय ट्रस्ट माय पार्टनर," ती म्हणाली. "इफ आय गो अंडर, माय पार्टनर कम्स फर्स्ट." मग हसणं. मग म्हणाली, "नो, नो, आय हॅवन्ट टोल्ड आई येट."

पार्टनर! आणि आईला सांगितलेलं नाही! कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला मला क्लेम्समधला अनुभव लागला नाही.

जेवताना मी विषयाला सरळ हात घातला नाही. सरळ विचारलं की माणूस सावध होतो. मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "डिसेंबरच्या सुट्टीत कुठे जातेयस का?"

तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी ताटाकडे बघितलं. म्हणजे बाबांना माहीत होतं.

"जॉर्जिया," ती म्हणाली. "स्कीइंग. बट नॉट इन द रिसॉर्ट. रिसॉर्ट अजून ओपन नाही झालं. वी वॉक अप द माउंटन ऑन स्कीज अँड देन कम डाउन. आई, इट्स ब्यूटिफुल."

स्कीइंग ती मॉलमध्ये शिकली होती. बाहेर अंगाची लाही होत असताना आत काचेपलीकडे बर्फाच्या उतारावर ती घसरायची आणि मी बाहेर कॉफी घेऊन बसायची. तो बर्फ कारखान्यातून आल्यासारखा, रोज सपाट केलेला, दिव्याखालचा. त्याला माझा काही आक्षेप नव्हता.

"आणि पार्टनर?" मी विचारलं.

तिच्या लगेच लक्षात आलं. "आई! तू ऐकत होतीस!"

"मी घड्या घालत होते."

"पार्टनर म्हणजे जी मला शोधणार. खणून काढणार. इफ देअर इज अॅन अॅव्हलांच."

"हिमस्खलन!" नवरा एकदम म्हणाला. शब्दकोड्यातला अडलेला शब्द सापडावा तसा त्याचा चेहरा उजळला होता. माझा चेहरा बघून तो पुन्हा आमटीकडे वळला.

पार्टनर ही एक मल्याळी दातांची डॉक्टर निघाली, लग्न झालेली, लेकीपेक्षा मोठी. एक संशय फिटला आणि त्याच्या जागी केवढा तरी मोठा आला. मी म्हटलं, नाही. जायचं नाही.

आमच्या घरात नकार दोन प्रकारचे आहेत. नवऱ्याचा नकार म्हणजे 'इन्शाल्ला'. फ्लॅट बदलू या का? इन्शाल्ला. म्हणजे खलास, विषय संपला. माझा नकार म्हणजे नकार. मैत्रिणीकडे रात्री राहायला? नाही. शाळेचा डेझर्ट कॅम्प? नाही. नखांना तो रंग? नाही. एवढी मोठी झाली तरी ती विचारायची आणि मी नाही म्हणायची आणि अलीकडे ती विचारून झाल्यावर जायची. हेही तसंच झालं. तिकीट आधीच काढलेलं होतं.

"अगं, सीझन आत्ता सुरू होतोय," नवरा नंतर मला समजावत होता. "बर्फ असा किती असेल? एवढ्याशा बर्फात काय होणार?"

हे वाक्य त्यानं लेकीसमोर पुन्हा म्हटलं तेव्हा मात्र ती त्याच्या बाजूनं बोलली नाही. "बाबा, दॅट्स व्हॉट एव्हरीवन थिंक्स," ती म्हणाली. आणि मग तिला वाटलं असावं की आपण जास्तच बोललो. मी लगेच नोंद घेतली. जो माणूस जायला इतका उत्सुक आहे, त्याच्याच तोंडून असं वाक्य निघतं, तेव्हा ते खरं असतं.

म्हणून त्या शुक्रवारी पहाटे ती आणि तिची डॉक्टर सरावाला वाळवंटात निघाल्या तेव्हा मी पण गाडीत जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे घेतले, म्हणजे हाकलता येत नाही.

सराव कसला, तर वाळूत पुरलेला माणूस शोधायचा. बर्फ इथे कुठून आणणार? तर वाळू. प्रत्येकीच्या छातीशी पट्ट्यांनी बांधलेलं एक लहानसं यंत्र होतं, बीकन. ते सतत न ऐकू येणारी हाक देत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधाच्या बाजूला फिरवायचं, मग त्यावर बाण दिसतो, अंतर दिसतं आणि जवळ जाल तसा आवाज घाईला येतो. मग घडीची लांब काठी जोडून खुपसत बघायचं आणि काठी अडली की फावड्यानं खणायचं. एक यंत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून पुरायला माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कुठे पुरायचं ते मीच ठरवलं. मी अवघड जागा निवडली.

लेकीनं ते शोधलं, पण माझ्या मनासारखं लवकर नाही. खणताना वाळू परत परत खड्ड्यात येत होती. डॉक्टर घड्याळ बघत होती आणि एका क्षणी हळूच म्हणाली, "टू स्लो." लेकीनं नुसती मान हलवली. गाडलेल्या माणसाला हवा थोडाच वेळ पुरते, हे मला तिथे कळलं. म्हणजे फावडं, काठी, यंत्र ही सगळी तयारी नंतरची. आधीची तयारी काय, हे मी विचारलं. मी भ्याले होते आणि भ्याले की मी प्रश्न विचारते.

"नॉट बीइंग देअर," डॉक्टर म्हणाली. तिथे नसणं.

पोहे खाताना लेकीनं मला नीट सांगितलं. सुरुवातीचा बर्फ थोडा पडतो. मग आठवडेच्या आठवडे आकाश स्वच्छ, कडाक्याची थंडी. खाली जमीन त्या मानानं उबदार आणि वर गारठा, मध्ये हा पातळसा थर. त्याच्यातले कण एकमेकांना सोडून देतात, साखरेसारखे दाणे होतात. सावलीच्या उतारांवर जास्तच. मग डिसेंबरात नवा बर्फ पडतो, वारा तो आणून त्याच्यावर थापतो. वरचा थर दिसायला घट्ट, देखणा. त्याच्यावर कुणी पाय दिला की खालचे दाणे दगा देतात आणि वरचं सगळं एका तुकड्यात सुटतं. उतार खूप उभा असावा लागत नाही. आम्ही बसलो होतो त्या वाळूच्या टेकडीची वाऱ्याआडची बाजू जेवढी उतरती होती, तेवढी पुरते. मी तिथे पाय ठेवून बघितला. पायाखालची वाळू सळसळत खाली गेली आणि माझ्या वरची, जिला मी हात लावला नव्हता, तीही.

"शुगर स्नो म्हणतात त्याला," लेक म्हणाली. "लाइक... आई, साबुदाणा असतो ना, नीट झालेला? दाणा दाणा वेगळा?"

"मोकळी खिचडी," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली! मोकळी!" ती हसली. "बट देअर, मोकळी इज बॅड."

जन्मभर मी खिचडी मोकळी झाली की खूश आणि चिकट झाली की चिडलेली. माझ्या डोक्यानं ते 'बॅड' बाजूला ठेवून दिलं असावं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाइडचा व्हिडिओ कॉल झाला. मी लेकीच्या मागे, कॅमेऱ्यात फक्त माझा कोपर दिसेल अशी उभी होते. दाढीवाला, दात पांढरेशुभ्र, सारखा हसणारा. हसणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आधीच वाईट. त्याला मी मागून प्रश्न पाठवले आणि लेकीनं ते कुरकुरत विचारले. तिथे हवामानखात्यासारखं हिमस्खलनाचं रोजचं बुलेटिन असतं का? असतं, पण यंदाचं अजून सुरू झालेलं नाही. उतार कोण तपासतं? रिसॉर्ट उघडलं की त्यांची माणसं तपासतात, अजून उघडलेलं नाही. मग ठरवणार कोण?

"वी डिसाइड टुगेदर," तो म्हणाला. "अँड एनीवन कॅन से नो. वन पर्सन सेज नो, वी ऑल टर्न बॅक. नो क्वेश्चन्स."

फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "सी? इट्स अ गुड रूल."

मला तो नियम वकिलानं लिहिल्यासारखा वाटला. उद्या काही झालं तर हा म्हणणार, कुणीच नाही म्हणालं नव्हतं. असे जबाब मी रोज वाचते. आणि पैसे भरून, विमानानं जाऊन, सगळ्यांसमोर 'नाही' म्हणणार कोण? हे मी तिला बोलून दाखवलं. ती बूट पिशवीत घालत राहिली.

विमानतळावर मी एवढंच म्हटलं, "शंका आली तर मला विचार." ती म्हणाली, "तू काय सांगणार आहेस, आई? तू कधी बर्फावर चाललीस का?" बोलणं बरोबर होतं, पण लागलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी उंटावरून शेळ्या हाकत होते. तिच्या गावात वारा किती, थंडी किती, मोबाइलवर बघायची. घड्याळ तिथलं आणि आमचं एकच, तेवढं बरं होतं. पहिल्या दिवशी फोटो आले. सगळे रंगीबेरंगी कपड्यांत, मागे पांढराशुभ्र डोंगर. मी फोटो मोठा करून बघितला. उतारावर जागोजाग खडक वर आलेले दिसत होते. बर्फ थोडाच होता. नवरा म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना? मी म्हटलं, तू हे म्हणालास तेव्हा ती काय म्हणाली होती ते आठव. त्यानं टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला आणि वारा सुटला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. मला ते ऊन आवडलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मी मीना बाजारात होते. दोन साड्यांना फॉल लावायचा होता. दुकानात ही गर्दी, कुणी अस्तर मागतंय, कुणी हिंदीत घासाघीस करतंय, मालक "यल्ला, यल्ला" म्हणून पोऱ्याला पिटाळतोय. फोन वाजला. लेकीची व्हॉइस नोट. मी कानाशी धरली. वाऱ्याचा घों घों आवाज, मागे कुणाचं तरी हसणं, आणि मध्ये तिचा आवाज, मराठीत.

"आई... बघितलं... खाली सगळं मोकळं आहे. एकदम मोकळं. काय करू? जाऊ?"

माझा जीव भांड्यात पडला. केवढं बरं वाटलं मला ते कसं सांगू? तिनं मला विचारलं होतं. बर्फावर कधी न चाललेल्या आईला, डोंगरावर उभं राहून विचारलं होतं. आणि खाली सगळं मोकळं होतं. ना झाडं, ना दगड, ना माणसं, वाट मोकळी. तीन दिवस जे ऐकायचं होतं, ते मी ऐकलं. मला वाटलं, पुरे झालं आता. लेक मोठी झाली, जबाबदार आहे, विचारून करते आहे. एकदा तरी आईनं मोठ्या मनानं हो म्हणावं.

मी फोन तोंडाशी धरला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! मग जा की! मस्त मजा कर!"

फॉलवाली बाईसुद्धा हसली.

नवरा गाडी घेऊन करामाच्या बाजूला थांबला होता. मी गाडीत बसल्या बसल्या त्याला मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. पोरीनं नोट पाठवली, मला विचारलं, रस्ता मोकळा आहे म्हणाली, मी म्हटलं जा.

"रस्ता?" तो म्हणाला. "रस्ता कसला? ते तर रस्ता सोडूनच गेलेत ना?"

ते ऐकून मला काहीतरी खटकलं. काय ते अजून कळलं नव्हतं. मी काचा वर केल्या, त्याला एसी बंद करायला लावला आणि नोट पुन्हा ऐकली. 'आई' आणि 'बघितलं' यांच्यामध्ये वाऱ्यात अर्धा बुडालेला एक शब्द होता. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा लागला. खणून. खणून बघितलं. खाली सगळं मोकळं आहे.

खिचडी.

मी ते मोठ्यानं म्हणाले आणि नवऱ्याला वाटलं मला भूक लागली.

मी त्याला समजावून सांगितलं. तिनं बर्फात खड्डा खणला होता. वरचा थर कापून खालचा बघितला होता आणि खाली दाणे होते, सुटे, साखरेसारखे. ते ती मराठीत बोलली, कारण आजूबाजूला सगळे उभे होते आणि त्यांना कळायला नको होतं. तिला संशय आला होता आणि तो सगळ्यांसमोर उघड बोलण्याचा धीर होत नव्हता. म्हणून ती आमच्या गुप्त भाषेत मला सांगत होती की आई, हा डोंगर फसवतोय. आणि मी, जी फुलवाल्यालाही सोडत नाही, मी म्हटलं होतं, मजा कर.

फोन लागेना. मेसेज टाकला, 'जाऊ नकोस'. एकच खूण. पुन्हा टाकला, इंग्रजीत टाकला, सगळी अक्षरं मोठी करून टाकला. एकच खूण. गाइडचा नंबर बंद. डॉक्टरचा नंबर माझ्याकडे नव्हता. पोहे खाऊ घातले आणि नंबर घेतला नाही. मी ती 'मजा कर' पुसून टाकायला गेले, तर तिच्यापुढे दोन निळ्या खुणा होत्या. ऐकली होती.

घरी आलो. नवरा माझ्या शेजारी बसला आणि सवयीनं म्हणाला, "सगळं ठीक असेल, इन्शाल्ला."

"आज तो शब्द तोंडातून काढू नकोस," मी म्हटलं. तो उठला, पाणी घेऊन आला, मग ते पाणी आम्ही दोघांनीही प्यायलं नाही.

त्या दुपारचं मी काय सांगू? बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगवरचं ऊन वर वर सरकताना दिसत होतं आणि तसंच ते तिथेही सरकत असणार, कारण घड्याळ एकच होतं. मला सारखी ती वाळू आठवत होती, मी पाय न लावलेली, माझ्या वरून आलेली. खड्ड्यात परत येणारी. 'टू स्लो' म्हणणारी डॉक्टर. माझ्या डोक्यात क्लेमची भाषा चालू होती आणि ती बंद होईना. कोणी पाठवलं? आईनं. काय म्हणून? मजा कर म्हणून.

संध्याकाळची, मगरिबची अजान सुरू झाली आणि फोन वाजला.

"आई?" लेक म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. "व्हाय डिड यू कॉल सो मेनी टाइम्स? तुझी नोट आली, मग रिजवर नेटवर्कच गेलं."

मी फोन नवऱ्यापुढे धरला. नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "अगं, गेली होतीस का तू?"

"नो, बाबा. वी टर्न्ड बॅक."

मी रडले. सरळ रडले, लपवलं नाही. ती घाबरली. काय झालं, काय झालं म्हणू लागली. मी म्हटलं, आधी तू सांग. तिनं सांगितलं. तिनं आणि डॉक्टरनं खड्डा खणला, बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, त्यावर फावडं ठेवून वरून थापट्या मारल्या. आधी नुसत्या मनगटातून मारायच्या, मग कोपरातून, मग खांद्यातून. मनगटातच वरचा सगळा तुकडा सुटून तिच्या मांडीवर आला. तरी बाकीचे म्हणत होते, ही एकच जागा, सीझनची सुरुवात, असा बर्फ तरी किती आहे. गाइडनं सगळ्यांकडे बघून विचारलं, एनी नो? कुणीच बोललं नाही. डॉक्टर लेकीकडे बघत होती, लेक डॉक्टरकडे. तेव्हा ती बाजूला झाली आणि मला नोट पाठवली.

"आणि मी म्हटलं जा," मी म्हटलं.

"हो. आय प्लेड इट अगेन अँड अगेन. मला वाटलं, दिस इज नॉट माय मदर. तू कधी हो म्हणतच नाहीस. तू एवढं पटकन हो म्हणालीस ना, आय गॉट सस्पिशियस. काहीतरी गडबड आहे. तुला कळलंच नसणार."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मला वाटलं, वाट मोकळी आहे," मी म्हटलं.

"वाट? वाट पण मोकळी असते?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तो शब्द तिला मी फक्त स्वयंपाकघरातच दिला होता.

मग ती थोडी कडवट झाली. दुसरा एक ग्रुप त्याच उतारावरून खाली आला होता. काही झालं नाही. आत्ता तेच लोक मागे जेवत, हसत होते आणि आमच्या लेकीची चेष्टा चालली होती. "नथिंग हॅपन्ड, आई. दे आर ऑल फाइन. मेबी मीच उगाच..."

"ब्रेक गेलेली गाडीसुद्धा सिग्नल हिरवा असेपर्यंत छानच चालते," मी म्हटलं. एवढं एक वाक्य मला माझ्या धंद्यातून देता आलं. "बिनधास्त चेष्टा करू दे त्यांना."

मग ती हळूच, पुन्हा पूर्ण मराठीत, म्हणजे मागचे ऐकत असणार, म्हणाली, "आई, मी एक खोटं बोलले."

"काय?"

"मी त्यांना सांगितलं की माझी आई नाही म्हणाली. सगळे हसले. पण नियम आहे ना, एकानं नाही म्हटलं की सगळे मागे. मला स्वतःला नाही म्हणता येईना. म्हणून तुझं नाव सांगितलं. सॉरी. तुझं नाव वापरलं."

"वापर," मी म्हटलं.

"रागावली नाहीस?"

"वापर गं. केव्हाही वापर. विचारू पण नकोस. मी नसले तरी वापर."

"आई, स्टॉप," ती म्हणाली. पण फोन तिनं बराच वेळ ठेवला नाही.